दादाची सुट्टी वीस दिवसांची: डिसेंबरात आईबाबांचा फ्लॅट विकायला काढताना

आमचा पुण्यातला कर्वेनगरचा फ्लॅट विकायला दोन डिसेंबर लागले. त्यातला पहिला, २०२३चा, पुरता वाया गेला. दादा न्यू जर्सीहून तीन आठवड्यांसाठी आला, आम्ही दोघांनी एका रविवारी माळा उपसला, जुने अल्बम बघत बसलो, एजंटाने आणलेल्या दोघातिघांना घर दाखवलं. त्यातले एकजण खरंच घ्यायला तयार झाले आणि त्यांच्या बँकेने विचारलं, "फ्लॅट आहे कुणाच्या नावावर?" बाबा जाऊन सहा वर्षं झाली होती, आई जाऊन दीड. फ्लॅट अजून त्या दोघांच्याच नावावर. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात दादा परत गेला, आणि पार्टीही गेली.

पुढच्या डिसेंबरात घर तेच, भाऊ तोच, सुट्टीही तेवढीच. पण त्या वेळी दादाचं विमान उतरण्याआधी कागद तयार होते, भिंती कोरड्या होत्या आणि माळा रिकामा होता. त्याने फक्त सह्या केल्या आणि आलेल्यांशी गप्पा मारल्या.

ज्यांची भावंडं नाताळच्या सुट्टीतच येऊ शकतात आणि ज्यांच्या हातात जुन्या सोसायटीतला आईवडिलांचा फ्लॅट आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी वकीलही नाही आणि सीएही नाही. ती कामं त्यांच्याकडूनच करून घ्या. त्यांच्या दारात जाण्याआधी जे मला माहीत असायला हवं होतं, ते इथे आहे.

१. पंचांग आणि विमानाचं तिकीट शेजारी ठेवा

१६ डिसेंबरच्या सुमारास धनुर्मास लागतो, तो संक्रांतीपर्यंत. त्यातच पौष येतो. तुमचा यावर विश्वास असो नसो, घेणाऱ्यांच्या घरात एकतरी माणूस असं असतं की ज्याला पौषात बयाणा चालत नाही. आमच्या वेळी पौष ३१ डिसेंबरला लागला आणि २९ जानेवारीच्या अमावास्येला संपला. संक्रांत झाल्यावर आता फोन येईल म्हणून मी वाट बघत होते. फोन आला, पण "आई म्हणतेय पौष संपू दे" असा.

म्हणून डिसेंबरात सौदा होईल अशी आशा धरू नका. डिसेंबर हा घर दाखवण्याचा महिना. आणि त्यासाठी तो फार चांगला आहे: शाळांना नाताळची सुट्टी असते, परदेशातली मुलं आईवडिलांकडे आलेली असतात, आणि एरवी नवरा एकदा, बायको एकदा, सासरे तिसऱ्यांदा असं जे चालतं ते एकाच फेरीत उरकतं. शिवाय सरकारी रेडी रेकनरचे दर, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकार धरतं ते घरांचे भाव, १ एप्रिलला बदलतात. डिसेंबरात घर आवडलेल्याला मार्चअखेरपर्यंत नोंदणी उरकायची असते, त्यामुळे तो फार रेंगाळत नाही.

उलट मोजत गेलं की कामांचा क्रम असा लागतो. वारसाचे आणि सोसायटीचे कागद वर्षाच्या सुरुवातीलाच सुरू करायचे. गणपतीनंतर माळे आणि कपाटं रिकामी करायची. रंगाचं काम तुळशीच्या लग्नानंतर. दिवाळीआधी रंगारी मिळत नाही आणि दिवाळीला बरेच कारागीर गावी जातात, छठपूजा करूनच परततात. फोटो डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. दाखवायला सुरुवात त्याच शनिवार-रविवारपासून.

आणखी एक पुणेरी बारकावा. सवाई गंधर्व संगीत महोत्सवाच्या दिवसांत संध्याकाळची वेळ कुणाला देऊ नका. आम्ही एका जोडप्याला दिली आणि त्यांचं सगळं लक्ष घड्याळाकडे.

२. फ्लॅट कायद्याने कुणाचा, ते आधी सोडवा

आमची गाडी इथेच रुतली होती, म्हणून जरा विस्ताराने.

सोसायटीच्या दप्तरात नॉमिनी म्हणून दादाचं एकट्याचं नाव होतं. १९९६ साली बाबांनी फॉर्म भरला तेव्हा मी लग्न होऊन जाणार असं धरून तो भरला असावा. त्यामुळे शेजारच्या काकांपासून एजंटापर्यंत सगळे सांगायचे की फ्लॅट दादाचा झाला, तुमची सही लागणार नाही. हे चूक. सोसायटी नॉमिनीशी व्यवहार करते, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. मालकी वारसांकडे जाते. मृत्युपत्र नसेल तर मुलगा आणि मुलगी दोघंही वारस. विक्रीच्या करारावर दोघांच्या सह्या लागतात, नाहीतर एकाने दुसऱ्याला नोंदणीकृत हक्कसोड पत्र करून द्यावं लागतं. साध्या शंभराच्या किंवा पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून दिलेलं "माझी हरकत नाही" घेणाऱ्याची बँक बाजूला सारते.

दुसरा घोळ प्रमाणपत्राच्या नावाचा. उत्तराधिकार प्रमाणपत्र असतं ते ठेवी, शेअर, येणी यांसाठी. घर, जमीन अशा स्थावरासाठी दिवाणी न्यायालयाकडून वारस प्रमाणपत्र घेतात. आम्ही पहिलं मागायला निघालो होतो. वकीलबाईंनी वाटेत अडवलं. न्यायालय जाहीर नोटीस काढतं, हरकतींसाठी मुदत देतं, तारखा पडतात. कुणाची हरकत नसतानाही यात महिने जातात. दादाच्या वीस दिवसांत हे बसणं शक्यच नव्हतं. २०२४च्या जानेवारीत अर्ज केला म्हणून डिसेंबरपर्यंत हातात आलं.

घेणाऱ्याची बँक आणि वकील साधारण एवढं मागतात. एक फाइल करा, झेरॉक्सचे तीन संच काढून ठेवा:

- बिल्डरपासूनचे सगळे मूळ करारनामे, नोंदणीच्या पावत्यांसकट. मधे फ्लॅट दोनदा विकला गेला असेल तर दोन्ही वेळचे
- सूची क्रमांक दोन, म्हणजे सगळे ज्याला इंडेक्स टू म्हणतात तो नोंदणी झालेल्या कराराचा सरकारी गोषवारा. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर शोधता येतं
- भोगवटा पत्र किंवा कम्प्लीशन
- सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र, कन्व्हेयन्स किंवा मानीव अभिहस्तांतरण (जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर होणं) झालं असेल तर त्याची प्रत
- शेअर सर्टिफिकेट, मूळ
- आईवडिलांचे मृत्यू दाखले, वारस प्रमाणपत्र किंवा मृत्युपत्र
- जुनं कर्ज असेल तर बँकेचं कर्जफेडीचं पत्र. नुसतं कर्ज फिटून चालत नाही, पत्र लागतं
- महापालिकेचा मिळकतकर चालू वर्षापर्यंत भरल्याची पावती
- महावितरणचं बिल, पाइप गॅसचं बिल, सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला
- विकणाऱ्या प्रत्येकाचं पॅन आणि आधार. अनिवासी भावंडाचा पासपोर्ट

मूळ करारनामा सापडत नसेल तर हातपाय गाळू नका. दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत मिळते. पोलिसांत हरवल्याची नोंद आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस हे सोबत करावं लागतं. आमचा करारनामा शेवटी सापडला तो दिवाळीचे उटण्याचे डबे ठेवायच्या कप्प्यात. आईने तो फराळाच्या यादीच्या वहीत घालून ठेवला होता.

३. सोसायटीत चहा प्यायला जा, पण नियम वाचून

सेक्रेटरीला पहिल्यांदा भेटायची वेळ बयाण्यानंतर येऊ देऊ नका. डिसेंबरात कमिटीतले निम्मे लोक गोव्याला किंवा मुलांकडे गेलेले असतात, आणि सहीसाठी दोन आठवडे अडकतात. आधी वारस म्हणून शेअर सर्टिफिकेट तुमच्या नावावर करून घ्या, मग विक्री.

हस्तांतराचे पैसे हा नाजूक विषय. राज्य सरकारच्या ९ ऑगस्ट २००१च्या परिपत्रकानुसार महापालिका हद्दीत गृहनिर्माण सोसायटीला हस्तांतर अधिमूल्य जास्तीत जास्त २५,००० रुपये घेता येतं. त्याशिवाय ५०० रुपये हस्तांतर शुल्क आणि नव्या सभासदाचं १०० रुपये प्रवेश शुल्क. त्यावर "इमारत निधी", "लिफ्टसाठी ऐच्छिक देणगी" असं काही मागितलं तर ते खरोखर ऐच्छिक असतं. आमच्याकडेही अशी एक ऐच्छिक रक्कम ठरवून ठेवली होती. मी परिपत्रकाची प्रत नेली, चेअरमनकाकांना वाचायला दिली, आणि चहा घेतला. रक्कम निघून गेली. त्यांच्याशी संबंध अजून चांगले आहेत.

४. घर रिकामं करणं

हे काम कागदांपेक्षा जड आहे, आणि जो परदेशातून येतो त्याच्याकडून होत नाही. दादा पहिल्या वर्षी दोन दिवसांत फक्त एक कप्पा लावू शकला, कारण प्रत्येक वस्तू हातात घेऊन तो गोष्ट सांगायचा. दुसऱ्या वर्षी मी सप्टेंबरातच सुरुवात केली आणि त्याला फोटो पाठवायची एक पद्धत ठेवली: चार ढिगांचे चार फोटो. त्याचं, माझं, द्यायचं, टाकायचं. उत्तराला रविवार रात्रीपर्यंत मुदत. उत्तर नाही आलं तर ढीग मी ठरवणार. दोन रविवारांनंतर तो वेळेवर उत्तरं द्यायला लागला.

काही गोष्टी अनुभवातून:

तांब्यापितळेची भांडी भंगारवाल्याला देण्याआधी नातेवाइकांत विचारा. आईचा बंब आणि घंगाळं घ्यायला तीन मावसबहिणी तयार होत्या. स्टीलची भांडी मात्र कुणालाच नको असतात. जुन्या साड्या बोहारणीला देण्यात मी दोन दुपारी घालवल्या आणि त्याबदल्यात एक प्लास्टिकचा टब मिळाला. त्यापेक्षा गोधड्या शिवणाऱ्या बाईंना द्या, सुती साड्यांचं सोनं होतं.

पुस्तकं रद्दीत जाऊ नयेत असं वाटतं, पण वाचनालयं सगळी घेत नाहीत. आधी यादी पाठवा.

लाकडी कपाट, दिवाण, जुना फ्रिज यांपैकी जे चांगलं आहे ते घर दाखवून होईपर्यंत राहू द्या. पूर्ण रिकामी खोली लहान दिसते, हे ऐकून खोटं वाटतं पण खरं आहे. हॉलमध्ये दिवाण, दोन खुर्च्या आणि एक टीपॉय, बेडरूममध्ये एक पलंग, एवढं पुरे. जेवणाचं टेबल आम्ही काढलं, त्यामुळे स्वयंपाकघराच्या दारापर्यंत मोकळी वाट झाली.

देवघराचा प्रश्न प्रत्येकाला पडतो. आमचे टाक दादाने नेले, अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण माझ्याकडे आले, तसबिरी गुरुजींना विचारून मार्गी लावल्या. देव हलवले तरी लाकडी देवघर जागेवर ठेवून त्यात एक समई ठेवा. घेणाऱ्या घरातली मोठी माणसं पहिल्यांदा देवाची जागा कुठे आहे ते बघतात.

आणि हार घातलेले आईबाबांचे फोटो. ते मी शेवटपर्यंत काढले नव्हते. एक मुलगी घर बघायला आली, हॉलमध्ये उभी राहिली आणि आवाज एकदम हळू केला. मग तिने काही विचारलंच नाही. त्या संध्याकाळी मी फोटो उतरवून माझ्या घरी आणले. तुम्ही आधीच आणा.

५. ओल झाकू नका

पावसाळ्यात भिंतीला आलेली ओल ऑक्टोबरच्या उन्हात वाळते आणि डिसेंबरात फक्त एक पिवळट डाग आणि थोडे पोपडे उरतात. त्यावर पुट्टी फिरवून रंग मारला की घर नवं दिसतं. चार महिन्यांनी नव्या मालकाला तो खार पुन्हा फुगलेला दिसतो. आणि तुमचा फोन नंबर त्याच्याकडे असतोच.

आमच्या बाथरूममागच्या भिंतीत गळती होती. प्लंबरने जुना लोखंडी पाइप बदलला, भिंत महिनाभर उघडी ठेवली, मग प्लास्टर आणि रंग. बिलं जपून ठेवली. घेणाऱ्यांनी भिंतीवर हात फिरवून विचारलं तेव्हा सरळ सांगितलं: इथे गळती होती, हे काम केलं, हे बिल. त्यावर त्यांनी किमतीत एक रुपयाही कमी मागितला नाही.

बाकी खर्च आवरता घ्या. फरशी बदलणं, मॉड्युलर ओटा, फॉल्स सीलिंग यांत घातलेले पैसे परत येत नाहीत. घेणारा त्याच्या आवडीने सगळं उपसतोच. आतून फिकट रंगाचा एक हात, सगळे नळ न ठिबकणारे, सगळे दिवे लागणारे, दारं न अडखळणारी. मुख्य दाराची कडी नीट बसत नसेल तर आधी ती. ती हलवताना माणूस दारातच उभा असतो आणि त्याला बघायला दुसरं काही नसतं.

थंडीत एक गोष्ट जवळजवळ प्रत्येकाने केली: बाथरूममध्ये जाऊन गरम पाण्याचा नळ सोडला. मे महिन्यात हे कुणी करणार नाही. गिझर तपासून घ्या आणि कुणी येणार असेल तर वीस मिनिटं आधी चालू करा. गच्चीवरच्या सोलरचं पाणी सकाळी अकरानंतर चांगलं तापतं, ते असेल तर आवर्जून दाखवा.

कपाटातल्या डांबराच्या गोळ्या मात्र काढा. बंद घराचा वास सगळ्यात जास्त त्यांचा असतो. आठवडाभर रोज सकाळी दोन तास खिडक्या उघड्या ठेवल्या की घर पुन्हा घरासारखं होतं.

६. उजेड कुठल्या वेळी कुठे येतो ते बघा

डिसेंबरातला सर्वांत मोठा फायदा फुकट मिळतो. २१-२२ डिसेंबरला पुण्यात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवरच असतो, दक्षिणेकडे कललेला. मेच्या मध्यावर तोच बरोबर डोक्यावर. त्यामुळे दक्षिणेकडची जी गॅलरी उन्हाळ्यात ऊन आतच येऊ देत नाही, तिच्यातून डिसेंबरात ऊन हॉलच्या मध्यापर्यंत येतं. आमचा हॉल दक्षिणेकडे. सकाळी दहा ते दुपारी तीनपर्यंत दिवाणावर ऊन. आई याच महिन्यात तिथे बसून तिळाचे लाडू वळायची. फोटो त्याच वेळी काढले आणि भेटीही त्याच वेळच्या दिल्या.

उत्तरेकडची खोली या महिन्यात उलट जास्त अंधारी आणि गार असते. तिथले बल्ब बदलून पिवळसर उजेडाचे लावा, दिवा आधीच चालू ठेवा, आणि पडदे पूर्ण काढा. संध्याकाळी सहाच्या आसपास सूर्य मावळतो. त्यानंतर आलेल्याला घर नाही, ट्यूबलाइट दिसते. शिवाय या दिवसांत डास. नदीच्या बाजूच्या पेठांत आणि उपनगरांत राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको: साडेपाचला खिडक्या बंद.

फोटोंबद्दल एकच सापळा सांगते, कारण आम्ही त्यात पडलो. पहिल्या वर्षी गॅलरीचा फोटो दिवाळीतलाच वापरला होता, आकाशकंदिलासकट. छान दिसत होता. पण जानेवारीत तो बघणाऱ्या प्रत्येकाला कळत होतं की घर दोन महिने पडून आहे. एकाने तर फोनवरच "अजून गेलं नाही ना? मग किमतीचं बघा" अशी सुरुवात केली. तेव्हा कंदील नको, नाताळची चांदणी नको, कॅलेंडरचं पान नको. मोबाइल आडवा धरा, खोलीच्या कोपऱ्यातून छातीच्या उंचीवरून काढा. संडासाचं झाकण खाली.

क्षेत्रफळ लिहिताना जपून. जुन्या करारांत बिल्ट-अप, म्हणजे भिंती धरून, लिहिलेलं असतं, एजंट त्यावर आणखी चढवून सेलेबल सांगतो, आणि घेणारा आता कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, विचारतो. मी टेप घेऊन स्वतः मोजलं आणि तेच आकडे दिले. गॅलरी आत घेतली असेल तर तसं स्पष्ट सांगा, मंजूर नकाशात ती गॅलरीच आहे.

७. दाखवण्याचे दिवस

मार्गशीर्षातल्या गुरुवारी दारात रांगोळी असते, जिन्यात धूप आणि फुलांचा वास असतो, शेजारणी नटलेल्या असतात. आम्ही मुद्दाम एक भेट गुरुवारी दुपारी ठेवली. वरच्या काकूंनी त्या मुलीला हळदीकुंकवाला बोलावलं. सोसायटी कशी आहे याचं उत्तर तिला आमच्याकडून घ्यावं लागलं नाही. हे घर शेवटी त्यांनीच घेतलं, पण मी लग्गेच कारण जोडणार नाही; त्यांना शाळाही जवळ होती.

दोन भेटींत निदान पाऊण तास ठेवा. एकामागून एक लोक जिन्यात आदळले की कुणीच मोकळेपणी विचारत नाही. भेटीच्या वेळी घरात विकणाऱ्यांपैकी एकच जण असावा. दादा आणि मी दोघं असायचो तेव्हा आम्हीच जास्त बोलायचो. पाणी किती वेळ येतं, उन्हाळ्यात टँकर लागतो का, पार्किंग कुठलं, मेंटेनन्स किती, या चारांची उत्तरं तयार ठेवा आणि खरी ठेवा. पाचवा प्रश्न "का विकताय?" त्याला एका वाक्यात उत्तर. आम्ही सांगायचो, आईबाबा गेले, आम्ही दोघं दुसरीकडे राहतो. बस.

मूळ कागद भेटीच्या वेळी घरात ठेवू नका. आधार-पॅनच्या प्रती व्हॉट्सअ‍ॅपवर मागणाऱ्याला पाठवू नका. आणि जाहिरात टाकल्याच्या दुसऱ्याच दिवशी "मी लष्करात आहे, घर न बघताच टोकन पाठवतो, फक्त हा क्यूआर कोड स्कॅन करा" असा फोन हमखास येतो. पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. फोन ठेवून द्या.

८. विमान सुटण्याआधी दादाकडून काय काय करून घ्यायचं

सौदा तो गेल्यावर होणार हे धरून चाला. मग आधी तीन गोष्टी.

पहिली, विशेष कुलमुखत्यारपत्र, म्हणजे त्याच्या वतीने मी सह्या करण्यासाठीची पॉवर ऑफ अटर्नी. याच फ्लॅटच्या विक्रीपुरतं, फ्लॅटचं पूर्ण वर्णन असलेलं: करारावर सही करणं, दुय्यम निबंधकासमोर कबुली देणं, ताबा देणं, सोसायटीचे अर्ज. तो इथे असतानाच त्याची पुण्यात नोंदणी करा, एका सकाळचं काम आहे. सुट्ट्या बघून वेळ घ्या. हे राहिलं तर त्याला तिकडे भारतीय वकिलातीत किंवा नोटरी आणि अपोस्टिलच्या (तिथल्या सरकारच्या अधिकृत शिक्क्याच्या) मार्गाने करावं लागतं, आणि कागद भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत इथे मुद्रांक भरावा लागतो. विक्रीच्या नोंदणीच्या दिवशी मला आणखी एक घोषणापत्र द्यावं लागलं, की पत्र देणारा हयात आहे आणि त्याने ते रद्द केलेलं नाही. ते लिहिताना विचित्र वाटतं. मी सही करण्याआधी दादाला फोन केला.

दुसरी, पॅन. दादाचं पॅन निष्क्रिय निघालं. आधारशी जोडणी नव्हती आणि आयकर खात्याच्या नोंदीत तो अजून निवासीच होता. अनिवासींना जोडणीची सक्ती नाही, पण आपण अनिवासी आहोत हे खात्याला कळवावं लागतं. निष्क्रिय पॅनवर करकपात जास्त दराने होते. हे त्याने ऑक्टोबरात तिथूनच दुरुस्त करून घेतलं.

तिसरी, कर. इथे भावंडांचे रस्ते वेगळे होतात आणि त्यावरून घरात गैरसमज होतात, म्हणून आधीच बोलून घ्या. मी निवासी, एकूण किंमत ५० लाख किंवा जास्त असल्याने घेणाऱ्याने माझ्या हिश्शावर १ टक्का टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा कर, कापला. दादा अनिवासी, त्याच्या हिश्शावर कपात १२.५ टक्के, वर अधिभार आणि उपकर, आणि घेणारे ती नफ्यावर नाही तर सगळ्या रकमेवर कापतात. ती कमी व्हायची तर आयकर खात्याकडून कमी कपातीचं प्रमाणपत्र आणावं लागतं. त्याला काही आठवडे लागतात.  आमच्या वेळी घेणाऱ्याला ही कपात करण्यासाठी टॅन नंबरही (कर कापणाऱ्याचा आयकर खात्याकडचा क्रमांक) काढावा लागला. हे त्यांना पहिल्याच गंभीर बोलण्यात सांगा, नंतर सांगितलं तर फसवल्यासारखं वाटतं.

फ्लॅट बाबांनी १९९४ साली घेतलेला. २००१ आधीच्या घराला त्या वेळच्या किमतीऐवजी १ एप्रिल २००१चं बाजारमूल्य धरता येतं, मात्र त्या दिवसाच्या सरकारी मूल्यापेक्षा जास्त नाही. त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा अहवाल घेतला. २३ जुलै २०२४पूर्वी घेतलेल्या घरावर निवासी माणसाला दोन पर्याय आहेत, महागाई निर्देशांक न धरता १२.५ टक्के किंवा धरून २० टक्के. अनिवासीला हा दुसरा पर्याय नाही. एकाच फ्लॅटचा अर्धा-अर्धा हिस्सा आणि कर वेगवेगळा, यावरून एका रात्री आमच्याकडे बरीच शांतता पसरली होती.

दादाचे पैसे त्याच्या एनआरओ खात्यातच (अनिवासींचं भारतातलं रुपयांचं खातं) जमा करवा, माझ्या खात्यात घेऊन पुढे पाठवू असं करू नका. तिथून बाहेर न्यायला आर्थिक वर्षाला १० लाख डॉलरची मर्यादा आहे आणि सीएचा दाखला व आयकराचा फॉर्म लागतो.

९. बयाणा आणि त्यानंतरचे आठवडे

१ फेब्रुवारी २०२५ला गणेश जयंती होती. पौष संपला होता, शनिवार होता, बयाणा घेतला. इसारपावतीत, म्हणजे बयाण्याच्या लेखी पावतीत, काय हवं: एकूण किंमत, कुणाच्या खात्यात किती, कर्ज नाकारलं गेलं तर बयाणा परत किंवा नाही, कराराची शेवटची तारीख, सोबत राहणाऱ्या वस्तूंची यादी. आमच्यात गिझर, पंखे आणि दिवाण राहिला. देवघर त्यांनी मागून घेतलं.

मुद्रांक शुल्क घेणारा भरतो. पुण्यात ते ७ टक्के, खरेदी फक्त स्त्रीच्या नावावर असेल तर ६. नोंदणी फी १ टक्का, कमाल ३० हजार रुपये. हे माहीत असलं की घासाघीस करताना समोरचा कुठल्या एकूण आकड्याचा विचार करतोय ते कळतं. करारावर सह्या झाल्यावर नोंदणीला चार महिने मिळतात, पण तेवढं थांबायचं कारण नाही. आमचं त्याच महिन्यात झालं.

किल्ली देण्याच्या दिवशी वीजमीटरच्या आकड्याचा फोटो काढा, गॅसच्याही. सगळ्या किल्ल्या मोजून लिहून द्या, टपालपेटीची आणि गच्चीचीसुद्धा. आणि सोबत एक स्क्रूड्रायव्हर न्या. दारावरची बाबांच्या नावाची पितळी पाटी काढायला मी तो विसरले होते. शेवटी नव्या मालकांनीच पाटी काढली, पुसली आणि संध्याकाळी घरी आणून दिली.